टाकीवरचं सोयाबीन

जालन्याच्या मस्तगडात माझ्या पप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. पोरगी काय करते असं एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं, की पप्पा हातातलं पातेलं फडक्यानं पुसत, "पाण्याच्या टाक्या पाहते," एवढंच सांगतात. ते खोटं नाही. पण त्यामुळे जालन्यातल्या आमच्या निम्म्या ओळखीच्यांचा असा समज आहे की मी पाणीपुरवठ्यात आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी मला बाजूला घेऊन, आमच्या गल्लीला पाणी कधी सुटणार, असं विचारतं. मी मुळात कमी बोलणारी. मान हलवते आणि जिलबी वाढून घेते.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले. एक तर नोकरीला लागून मला फार वर्षं झालेली नाहीत. दुसरं म्हणजे माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलायची, भाजीवाल्याशी बोलायची. कामाचं मराठी मी नोकरीत, शेताच्या बांधावर शिकले. पण पप्पांच्या दुकानात हा अंक दरवर्षी येतो. निदान गिऱ्हाइकांना खरं काय ते कळेल, म्हणून लिहिते आहे.

आमच्या टाक्यांतलं पाणी कोणी पीत नाही. भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांत, लोकांच्या शेतात, एकमेकींपासून लांब लांब अशा या टाक्या बांधलेल्या आहेत. सिमेंटची गोल भिंत, वर स्लॅब, स्लॅबच्या मधोमध घट्ट झाकण. आत अतिशय शुद्ध पाणी आणि मिट्ट काळोख. शेजारी एका खांबावर सौर पॅनेल आणि अँटेना. आकाशातून आलेला एखादा वेगवान कण त्या पाण्यातून गेला, की पाण्यात निळसर उजेडाची अगदी बारीक चमक उठते. झाकणाखाली बसवलेला यंत्राचा डोळा ती चमक टिपतो आणि जालन्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात कळवतो. हे कण आपल्या सगळ्यांतून सतत जात असतात. हा अंक धरलेल्या तुमच्या तळहातातूनही आता एखाददुसरा गेला असेल. काही होत नाही, काळजी करू नका. हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोलले आहे.

आम्ही ज्यांची वाट पाहतो ते मात्र वेगळे. त्यांना अतिउच्च ऊर्जेचे वैश्विक किरण म्हणतात. जोरात फेकलेल्या चेंडूत जेवढी ताकद असते, तेवढी एका कणात, जो कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाही. असा एक कण वरच्या हवेवर आदळतो, फुटतो, त्याचे तुकडे पुन्हा फुटतात, आणि जमिनीवर पोचेपर्यंत कोट्यवधी कणांची सर होते. ती सर काही गावांच्या शिवारांवर एकदम पडते. म्हणून टाक्या लांब लांब. कोणत्या टाकीला आधी लागली, कोणत्या टाकीला नंतर, यावरून ती कुठल्या दिशेनं आली ते कळतं. पण हे कण फार दुर्मीळ. सगळ्यात वरच्या ऊर्जेचा कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत जेमतेम एक पडतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी येईल ते सांगता येत नाही, दुकान मात्र रोज उघडं ठेवावं लागतं. हे पप्पांना लगेच पटलं.

रोज उघडं ठेवणं हेच माझं काम. पॅनेल पुसणं, केबल तपासणं, मुंगळे काढणं, झाकणाचं रबर बदलणं. एसटी जाते तिथे एसटीनं, नाही तिथे काळीपिवळी जीपनं. जीपमध्ये मी खिडकीची जागा धरते आणि ऐकत बसते.

बरीच माणसं याच कामानं भेटली. जाफराबादच्या अलीकडे एका टाकीच्या यंत्रात रोज सकाळी ठरावीक वेळी खरखर यायची. आम्ही ऑफिसात बसून तिच्यावर बरीच विद्वत्ता खर्च केली. शेवटी मी जाऊन पाहिलं, तर एका धनगरबाबांनी आपला मोबाइल आमच्या पॅनेलच्या तारेला जोडून ठेवला होता आणि मेंढ्या टाकीच्या सावलीला बसल्या होत्या. मी माझ्या भित्र्या आवाजात सांगितलं, की बाबा, यानं आमच्या मोजणीत बिघाड होतो. ते शांतपणे म्हणाले, "ताई, सूर्य तुमच्या एकटीचा हाय का?" मी ऑफिसात अर्ज केला आणि प्रत्येक खांबावर चार्जिंगची वेगळी सोय करून घेतली. तेव्हापासून त्या बाजूच्या टाक्यांना राखण मिळाली. मला न विचारता कोणी तिथल्या टाकीला हात लावत असेल, तर मला आधी फोन मेंढ्यांकडून येतो असं सर म्हणतात.

सर म्हणजे आमचे प्रमुख. हे सगळं त्यांनी उभं केलं. निवृत्ती जवळ आलेला, केस पिंजारलेला, चहात बिस्कीट बुडवून विसरणारा माणूस. त्यांचं आयुष्य एका प्रश्नावर गेलं, की हे कण येतात कुठून. अडचण अशी आहे, की विश्वाच्या सुरुवातीचा एक मंद उजेड अजून सगळ्या अवकाशात भरून राहिलेला आहे, आणि इतक्या ऊर्जेचा साधा कण फार लांबून आला तर त्या उजेडाशी धडकत धडकत वाटेतच दमतो. म्हणजे तो जवळून आला पाहिजे. आणि जवळपास तर असं काही तोफखान्यासारखं दिसत नाही.

सरांचं म्हणणं, की निदान काही कण साधे नसतीलच. ते क्वार्क द्रव्याचे गोळे असतील. हे काय असतं ते मला पिंपळगाव रेणुकाईजवळच्या कौसामावशींनी समजावून सांगायला लावलं. त्यांच्या शेतात आमची सगळ्यात महत्त्वाची टाकी आहे. कौसामावशी आणि त्यांचे यजमान किसनकाका, दोघंच शेत पाहतात. मुलगा-सून छत्रपती संभाजीनगरला. मी गेले की मावशी आधी खाली बसवतात, मग हातात काहीतरी खायला देतात, मग प्रश्न विचारतात.

मी म्हटलं, मावशी, सोयाबीनची शेंग घ्या. तिच्यात तीन दाणे. जगातली प्रत्येक वस्तू अशा शेंगांची बनलेली आहे. शेंग म्हणजे प्रोटॉन, दाणे म्हणजे क्वार्क. दाणा कधी सुटा सापडत नाही, नेहमी शेंगेतच. पण एखादा मेलेला तारा स्वतःच्याच वजनाखाली इतका दाबला जात असेल, की सगळ्या शेंगा फुटतील आणि आत नुसती दाण्यांची रास उरेल. त्यात एक जास्तीचा, विलक्षण जातीचा दाणा तयार होतो, आणि सरांना वाटतं की त्यामुळे ती रास टिकते. असे दोन तारे एकमेकांवर आदळले तर त्या राशीचे गोळे बाहेर उडतील. वजनानं जड, त्यामुळे वाटेतल्या उजेडाला न जुमानणारे. अजून कोणी पाहिलेले नाहीत.

मावशी म्हणाल्या, "म्हंजी तुमचे सर मळणी झालेला तारा हुडकून राह्यले."

ही व्याख्या मी सरांना सांगितली. त्यांनी ती फळ्यावर लिहून ठेवली. अजून आहे.

तो गोळा ओळखायचा कसा? तो इथल्या हवेवर आदळला तर त्याच्या सरीत म्युऑन नावाचे कण जास्त असतील. म्युऑन दांडगे असतात, कशातूनही आरपार जातात. बाकीचे हलके कण, इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचे कण, लवकर अडतात. दोन्ही वेगळे मोजू शकेल असं नवं, महाग यंत्र आम्हाला एकच मिळालं होतं. ते आम्ही मावशींच्या टाकीत बसवलं.

गेल्या वर्षी नवरात्रात ती सर आली. भरदुपारी, भोकरदनच्या बाजूच्या सगळ्या टाक्या एकदम चमकल्या, आणि सरीचा मध्य बरोबर मावशींच्या शेतावर. सुट्टी असूनही मी ऑफिसात पोचले, तर सर माझ्या आधी हजर. त्यांच्या बिस्किटाचा लगदा कपात पडला होता. इतकी मोठी सर आम्हाला कधीच मिळाली नव्हती. पण खरी गंमत मावशींच्या टाकीत होती. म्युऑन भरपूर आणि हलके कण फारच थोडे, अपेक्षेच्या मानानं निम्म्याहून कमी.

पुढचे काही दिवस सर जिना चढायचे नाहीत, उड्या मारत यायचे. आम्ही सगळं तपासलं. त्या आठवड्यात त्या टाकीची एरवीची बारीक मोजणीसुद्धा थोडी उतरलेली होती, पण परतीच्या पावसात जोडण्यांना ओल धरते आणि असं होतं, ते नेहमीचं. सरांनी तेवढी सूट धरली, तरी ती कणांची सर वेगळीच उरत होती. त्यांनी लेख लिहायला घेतला. देशा-परदेशातल्या सहकाऱ्यांची ऑनलाइन बैठक ठरली. मला ते म्हणाले, "तू एकदा जाऊन टाकी बघून ये. उगाच कोणी विचारायला नको."

दसरा होऊन गेला होता. मी पिंपळगावला उतरले आणि बांधाबांधानं चालत गेले. शेत मोकळं झालेलं, सोयाबीनची धसकटं उरलेली. टाकी जशीच्या तशी उभी. पॅनेल स्वच्छ, केबल ठीक, रबर ठीक. मी शिडीनं स्लॅबवर चढले आणि झाकणाभोवतीच्या फटीत मला हिरवं काहीतरी दिसलं.

सोयाबीनचे कोंब होते. दोन-दोन पानांचे, ताजे, एका ओळीत. बाकी स्लॅबवर चिमण्या काहीतरी टिपत होत्या.

मी वाकून ते नीट पाहून घेतले. मग खाली उतरून मावशींकडे गेले. त्या खळ्यावर मळणीचं कुटार गोळा करत होत्या. मी विचारलं, मावशी, टाकीवर काही ठेवलं होतं का?

त्या एकदम खूश झाल्या. सोयाबीन ठेवलं होतं, म्हणाल्या. मळणी झाली आणि पाठोपाठ घट बसले. त्यांच्या घरात घट बसले की नवं धान्य उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. घट उठेपर्यंत ते बाहेर थांबतं. दसऱ्याला त्यातलं पसाभर आधी देवीपुढे ठेवायचं, मग पोती घरात. एरवी ती खळ्यावरच थांबतात. पण या वेळी परतीच्या पावसानं खळं ओलं, खालून पोती भिजली असती. किसनकाकांच्या डोक्यात आलं, की मॅडमची टाकी आहे, उंच आहे, कोरडी आहे, उंदीर चढत नाही. पॅनेलला धक्का लागू नये म्हणून त्यांनी मुद्दाम त्या खांबापासून हातभर अंतर राखून थप्पी लावली होती, वर ताडपत्री.

"पहिल्या माळेला ठिवली न् दसऱ्याला बराबर उतरवली," मावशी म्हणाल्या. "झाडून बी घेतलं. तुमच्या मशीनला काय झालं तर न्हाई?"

मी म्हटलं, नाही, मशीन छान आहे.

सर आली ती सातव्या माळेच्या दुपारी. टाकीवर सोयाबीन होतं. हलके कण दाण्यांत अडकले आणि म्युऑन पोत्यांतून आरपार खाली उतरले. सरांना सापडलेला मळणी झालेला तारा म्हणजे किसनकाकांचीच मळणी होती.

मावशींनी भाकरी आणि ठेचा दिला. मी खाल्ला. एसटी यायला वेळ होता. थांब्यावर मी एकटीच होते, आणि जे मला माहीत होतं ते दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हतं. पोती घरात गेलेली. कोंब मी उपटून फेकले असते, तर तेही संपलं असतं. सर आयुष्यभर या एका दुपारची वाट पाहत होते, आणि ती त्यांच्या निवृत्तीच्या आत आली होती. मी शाळेत असताना गणिताच्या बाईंची फळ्यावरची चूक दिसली तरी हात वर करायची नाही. वहीत बरोबर लिहायची आणि गप्प बसायची. त्या दिवशीही गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं, आणि त्यानं सरांचं भलंच झालं असतं, निदान काही महिने.

पण दुसऱ्या कोणीतरी जगात कुठेतरी हे शोधायला बसलं असतं, आमच्या आकड्यांवर विसंबून, आणि त्यांच्या टाक्यांवर सोयाबीन नसतं. मी फोन लावला.

सरांना पोत्यांचं सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "थप्पी किती उंच?"

माझ्या कमरेइतकी, मी म्हटलं.

"सोयाबीनच ना? नक्की? कपाशी नव्हती?"

"सोयाबीनच, सर. कोंब पाहिलेत मी."

"कापूस असता तर वाचलो असतो," सर म्हणाले. कापूस हलका, त्यानं फारसं काही अडलं नसतं. आणि मग त्यांना हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. थांब्यावर उभी असलेली मी, माझ्या डोळ्यांत पाणी, आणि फोनमध्ये हा माणूस हसतोय. शेवटी दम घेऊन ते म्हणाले, "ऑनलाइन बैठकीत तूच सांग. कोंब तू पाहिलेस."

बैठकीत काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून घेतलं होतं. पडद्यावर बरेच चेहरे. मी सांगितलं, की त्या दिवशी टाकीवर सोयाबीनची पोती होती, आणि का होती तेही सांगितलं. मग एक वयस्क शास्त्रज्ञ बाई गंभीरपणे म्हणाल्या, दाण्यातला ओलावा किती होता? मला माहीत होतं. किसनकाका भाव यायची वाट पाहत होते, भाव ओलाव्यावर ठरतो, म्हणून ओलावा त्यांना तोंडपाठ होता, मी निघताना विचारून घेतला होता. मी आकडा सांगितला. त्यानंतर मला कधी बैठकीत बोलायची भीती वाटली नाही. म्हणजे वाटते, पण बोलते.

लेख गेला नाही. त्याबद्दल हळहळ आहे, माझ्यापेक्षा सरांना जास्त, जरी ते दाखवत नाहीत. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः पिंपळगावला आले. पोती पुन्हा टाकीवर ठेवून मोजून बघू, म्हणजे खात्री होईल, असं त्यांच्या मनात होतं. किसनकाकांनी हात जोडले. म्हणाले, "सर, घरात आलेली लक्ष्मी परत उंबऱ्याबाहेर काढत न्हाईत. दुसरं काही बी सांगा." सरांनी वाद घातला नाही. त्यांनी रिकामी पोती मागितली आणि त्यात काळी माती भरायला लागले. निवृत्तीला आलेला प्राध्यापक फावडं मारतोय म्हटल्यावर शेजारच्या शेतातले दोघं-तिघं आले आणि काम लवकर उरकलं. मावशी सरांना म्हणाल्या, की फावडं असं धरत न्हाईत, आणि काढून घेतलं.

मातीची पोती वर चढली आणि हलक्या कणांची मोजणी तशीच घटली, जशी त्या आठवड्यात घटली होती. खात्री झाली. पोती खाली काढायला मी शिडी लावली, तर सर म्हणाले, थांब. ते टाकीभोवती दोनदा फिरले. एक टाकी उघडी, शेजारी एक मातीनं झाकलेली, अशा जोड्या असतील, तर उघडी सगळं मोजेल आणि झाकलेली फक्त म्युऑन. महाग यंत्राची गरजच नाही. दुसरीकडे लोक यासाठी यंत्रं जमिनीत पुरतात, हे त्यांना माहीत होतंच. पण पुरायला खोदावं लागतं आणि आमच्याकडे तेवढा खर्च करायला कोणी देत नाही. पोती मात्र आहेत.

आता आमच्या बऱ्याच टाक्यांशेजारी दुसरी, बुटकी टाकी उभी आहे, डोक्यावर मातीची थप्पी घेऊन. सरांची निवृत्ती झाली, पण ते येतात. पॅनेल पुसतात. मेंढ्यांशी बोलतात.

यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी कौसामावशींचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, उद्या घट बसून राह्यलेत. मळणी झाली. नवं सोयाबीन ठिऊ का टाकीवर? आधी इचारून घेतलं." मी म्हटलं, बुटकीवर ठेवा, मातीच्या पोत्यांवर. तिच्यावर कितीही चढवा. उघडीवर मात्र चिमणीसुद्धा नको.

बरं, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "अन् ते तुमचं, मळणी झालेल्या ताऱ्याचं, आलं का मंग?"

नाही अजून, मावशी.

"येईन," त्या म्हणाल्या. "उंबऱ्याबाहेर थांबलं आसन. त्याचा दसरा व्हायचा आसन अजून."